देवडीवरची वही

माझी भाची गेली चोवीस वर्षे अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात राहते, आणि ती तिकडे नेमके काय करते असे आप्तेष्टांपैकी कोणी विचारले असता एका वाक्यात उत्तर देणे मला आजतागायत साधलेले नाही. ती अभियंता आहे एवढे सांगून वेळ मारून नेता येते. परंतु पूल बांधणारा पूल दाखवू शकतो, यंत्रे जुळवणारा यंत्र दाखवू शकतो, आणि हिच्यापाशी दाखवण्यासारखे काही आहे का असे विचारावे तर ती कागदांचे एक जाड बाड पुढे करते. ते बाड मी प्रथम पाहिले ते गेल्या आश्विनात, तिच्या घराच्या मागल्या पडवीत, घर बदलण्याच्या तयारीत ती जुने सामान निवडीत असता आणि ते रद्दीच्या ढिगावर ठेवण्यासाठी तिचा हात पुढे झालेला असता. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या कुलसचिव-कचेरीत चौतीस वर्षे दप्तर सांभाळून मी उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. लिहिलेला कागद डोळ्यांदेखत रद्दीत गेलेला मला सोसत नाही. मी बाड उचलून मांडीवर घेतले. वरच्या पानावर 'एच.३५०' एवढीच अक्षरे होती.

"मामा, ते मिडलवेअर आहे. तुम्हाला त्यात गोडी वाटणार नाही," ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून मी अनेकदा ऐकला होता, आणि नावडती भाजी पानाच्या कडेला सारावी तसा दर खेपेस बाजूला सारला होता. त्या दिवशी मात्र पडवीत ऊन कोवळे होते, तिला सुट्टी होती, आणि मला दुसरा काही उद्योग नव्हता. म्हणून मी म्हटले, "गोडी वाटायची की नाही ते माझे मी पाहीन. तू सांग."

"तुमच्या विद्यापीठात यायला रस्ता होता, आणि आत वर्ग भरत होते. या दोहोंच्या मध्ये तुमची कचेरी. आलेला विद्यार्थी कोण, कोणत्या महाविद्यालयाचा, त्याने शुल्क भरले की नाही, त्याला परीक्षेला बसू द्यावे की नाही, हे तुम्ही सांगायचात. रस्त्याला यातले काही कळत नव्हते, आणि वर्गातल्या मास्तरांना ही उठाठेव नको होती. संगणकांच्या जाळ्यात ही जी मधली कचेरी असते ना, तिला मिडलवेअर म्हणतात. म्हणजे मामा, तुम्हीच."

स्तुती होती हे मला कळले, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती हेही. तथापि कचेरीत जन्म घालवलेल्या मनुष्याला नव्या कचेरीचे नाव ऐकताच पहिला संशय तिच्या गरजेविषयीच येतो. "ज्याला कचेरी हवी त्याने ती आपापल्या आवारात उघडावी," मी म्हणालो. "अनेक विद्यापीठांनी एकत्र बसून, मसुद्यांवर मसुदे रचून, तिचे मानक ठरवण्याचा खटाटोप कशासाठी?"

"१९९६ साली चौतीस विद्यापीठांनी मिळून इंटरनेट-२ नावाची संघटना उभारली, आणि त्याच साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जाळ्यावरून चेहऱ्यासकट संभाषण करण्याचे एच.३२३ हे मानक मान्य केले. रस्ता रुंद झाला आणि गाड्याही आल्या. दोन वर्षांनी इथल्याच आसपासच्या विद्यापीठांनी, जॉर्जिया टेक, नॉक्सव्हिलचे टेनेसी विद्यापीठ, रॉलेचे नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि चॅपेल हिलचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ अशा चौघांनी, व्हिडिओ डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह आरंभला. चित्र उमटत होते, आवाज येत होता. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी. नॉक्सव्हिलच्या प्राध्यापकाला रॉलेच्या प्राध्यापकाशी पडद्यावर बोलायचे असेल तर तो आधी काय करी, सांगा."

"काय करी?"

"दूरध्वनी."

मला हसू आवरले नाही. ती मात्र हसली नाही. ते दिवस तिने भोगले होते.

"दूरध्वनी करून विचारायचे, तुमच्या यंत्राचा आकडा काय? तो आकडा कित्येकदा मधल्या काळात बदललेला असे. मग, तुमचे यंत्र कोणत्या गेटकीपरकडे नोंदवले आहे?"

"देवडीवाला म्हण."

"देवडीवालाच. आत कोणाचे यंत्र चालू आहे, कोणाला कोणाकडे सोडायचे, हे तो पाहणार. पण ज्या कंपनीकडून यंत्र घेतले तिचा देवडीवाला तिचाच, त्याची वहीही तिचीच, आणि त्या वहीत नोंद करण्याची रीत दुसऱ्या कोणाच्या वहीशी जुळायची नाही. विद्यापीठाच्या मुख्य निर्देशिकेत त्या प्राध्यापकाचे नाव, खाते, खोली, दूरध्वनी सगळे आधीच लिहिलेले असे. देवडीच्या वहीला त्याचा पत्ता नसे. नवा मनुष्य रुजू झाला की त्याला पुन्हा हाताने चढवायचे, निराळा पासवर्ड द्यायचा. तो नोकरी सोडून गेला की खोडण्याची आठवण कोणालाच राहायची नाही."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचीच कचेरी उभी राहिली, हे कबूल केले पाहिजे. प्रवेशाची वही निराळी, पात्रतेची निराळी आणि परीक्षेची निराळी असल्यामुळे एकच मुलगी एकीत माहेरच्या नावाने, दुसरीत सासरच्या नावाने आणि तिसरीत कारकुनाच्या हस्तदोषामुळे भलत्याच नावाने नांदत असे. आणि पदवीदानाच्या आदल्या आठवड्यात या तिघी एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करून देण्यासाठी ती बिचारी तहसील कचेरीच्या पायऱ्या चढत असे. एका मृत अध्यापकाचे नाव आमच्या दूरध्वनीच्या यादीत त्यांच्या मागे तीन वर्षे छापले गेले, आणि चौथ्या वर्षी ते काढले तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या जिवंत अध्यापकांचे नाव घालायचे राहून गेले. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की तिच्या कामाची याहून चांगली प्रस्तावना तिला कधी लिहिता आली नव्हती.

इंटरनेट-२ च्या आश्रयाने पुढे व्हिडिओ-मिडलवेअरसाठी जे गट बसले त्यांच्या दोन पंगती होत्या. एक समोरासमोरच्या संभाषणासाठी, दुसरी हव्या तेव्हा पाहावयाच्या चित्रफितींसाठी. २००१ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने या मधल्या कचेऱ्यांच्या बांधणीला अनुदान देण्यास आरंभ केला, त्यामुळे कामाला थोडे बळ आले. पहिल्या पंगतीचे फलित म्हणजे माझ्या मांडीवरचे ते बाड. त्यातील मुख्य कल्पना मी तिला तीनदा सांगावयास लावली, आणि तिसऱ्या खेपेस ती माझ्या ध्यानात आली ती तिच्या शब्दांत नव्हे, माझ्या.

ती सांगत होती, "विद्यापीठाची मुख्य निर्देशिका ज्या रीतीने ठेवलेली असते तिला एलडॅप म्हणतात, १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात ती रीत घडली. ती निर्देशिका सांभाळणारे लोक मोठे कडक. तिच्यात दूरदृश्य यंत्रांचे वीस-पंचवीस रकाने घाला म्हटले तर ते दारात उभे करणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरही आहे. म्हणून मसुदा असा केला की व्यक्तीच्या नोंदीत एकच नवा रकाना घालायचा, आणि त्यात काही माहिती लिहायचीच नाही, फक्त बोट दाखवायचे: या व्यक्तीच्या दूरदृश्य यंत्राची नोंद अमक्या ठिकाणी पाहा. ती दुसरी नोंद वेगळ्या वहीत, यंत्रे सांभाळणाऱ्यांच्या ताब्यात. तिच्यात यंत्राचा आकडा, देवडीवाल्याचा पत्ता, परवलीचा शब्द. आणि उलट बोट दाखवणारा एक रकाना, की या यंत्राचा धनी अमुक."

"थांब," मी म्हटले. "हा तर आठ-अ आणि सात-बारा."

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीपायी तलाठ्याच्या चावडीवर ज्याने पाच वर्षे हेलपाटे घातले असतील त्याला हे वेगळे सांगावयास नको. आठ-अच्या उताऱ्यावर खातेदाराचे नाव आणि त्याच्या जमिनींचे गट क्रमांक. त्या त्या गटाच्या सात-बारावर जमिनीची हकीकत आणि उलट धन्याचे नाव. मनुष्य एका वहीत, जमीन दुसरीत, आणि दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलेले. जमिनीत विहीर पडली तर खातेदाराची नोंद विस्कटायची नाही. ही रचना इतकी जुनी आणि इतकी शहाणी आहे की ती शोधून काढण्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांना अनुदान घ्यावे लागले याचे मला नवल वाटले, आणि मी ते बोलून दाखवले.

"मामा, शोधून काढायला वेळ लागला नाही. पटवून द्यायला लागला," ती म्हणाली. "विद्यापीठांनी आपसात ठरवले असते तर यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी कानांवर घेतले नसते. म्हणून तो मसुदा जिनीव्हाला नेला. २००३ मध्ये दूरसंचार संघाने त्याला एच.३५० हा क्रमांक दिला. एच.३२३ वाल्यांसाठी एक पोटभाग, जुन्या आयएसडीएन वाल्यांसाठी एक, नव्याने आलेल्या सिपवाल्यांसाठी एक. त्या वेळी एच.३२३ आणि सिप यांचे हाडवैर होते; कोण जिंकणार यावर लोक पैजा मारीत. आमची वही दोघांनाही चालणारी होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात इंटरनेटवाल्यांच्या दरबारातही ती ३९४४ क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून रुजू झाली."

"दोन दरबारांची सनद मिळाली म्हणायची."

"दोन दरबारांची."

मग मी माझा मुख्य आक्षेप मांडला, आणि तो सौम्य शब्दांत मांडला नाही. २००३ सालीच, म्हणजे तिच्या वहीला पहिली सनद मिळाली त्याच साली, एस्टोनियात घडवलेले स्काइप लोकांपुढे आले. आरंभी त्यात आवाजच होता, चेहरा दोन-अडीच वर्षांनी आला. परंतु त्याने कोणत्याही विद्यापीठाच्या निर्देशिकेचा उंबरा झिजवला नाही, जिनीव्हाची वारी केली नाही, आणि तरीही माझ्यासारख्या निवृत्त मनुष्याला इंग्लंडमधल्या पुतण्याशी बोलता येऊ लागले. "तुम्ही देवडीची वही सुबक अक्षरात लिहून काढीत होतात," मी म्हटले, "तोवर लोक मागच्या कुंपणावरून उड्या मारून आत गेले. कचेरीने नियमांची छाननी पुरी करीपर्यंत बाजार उठून जातो, हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे. त्या बाजारात तुमच्या मानकाची किंमत काय?"

"स्काइपलाही वही होतीच ना?" ती शांतपणे म्हणाली. "नावाशिवाय तुमच्या पुतण्याची घंटा कशी वाजणार? वही होती, ती त्यांच्या घरात होती एवढेच. तीत तुम्ही स्वतःला वाटेल ते नाव घ्यायचे. ते तुमचे आहे असे कोणी सांगणार नाही, तुमचे नव्हे असेही कोणी सांगणार नाही. काका-पुतण्यांना ते चालते, कारण चेहरा ओळखीचा असतो. पण परीक्षेची तोंडी चालली आहे, समोर बसलेला उमेदवार तोच कशावरून? रुग्णालयातला शिकाऊ डॉक्टर दूरच्या तज्ज्ञाला रोग्याची हकीकत सांगतो आहे, पलीकडचा तज्ज्ञ खरा कशावरून? वही नको असे म्हणण्याची सोय तुम्हाला नाही, मामा. ती कोणाच्या कपाटात असावी एवढेच तुम्ही ठरवू शकता."

हा मुद्दा बळकट होता. मी तो ऐकून घेतला, मानला नाही; आणि विषय चित्रफितींच्या पंगतीकडे वळवला, कारण तेथे माझी बाजू अधिक भक्कम आहे असा माझा समज होता.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून देशव्यापी वर्ग सुरू केला, तो दिवस माझ्या स्मरणात आहे. त्यासाठी कार्यक्रम तयार करणारे एक केंद्र पुण्यासही होते. कार्यक्रम इंग्रजीत असत, वेळ दुपारची आडनिडी असे, आणि खरोखरीचे विद्यार्थी ते किती पाहात याविषयी मला दाट शंका आहे; परंतु आमच्या शेजारच्या शिंप्याच्या दुकानात तो दूरचित्रवाणी संच चालू असे, आणि शिंपी, त्याचा कारागीर आणि ब्लाऊज न्यावयास आलेली एखादी बाई असे तिघे जण एखाद्या दुपारी सूक्ष्मजीवांविषयीचे व्याख्यान पाहात बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. "त्यांना कोणी विचारले नाही, तुमचा आसनक्रमांक काय," मी म्हणालो. "२००१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीने आपले अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा केली, आणि आमच्या आयआयटींची एनपीटेलची व्याख्यानेही आज कोणालाही पाहता येतात. चित्रफीत पाहण्याची परवानगी कोणाला द्यावी या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त मानक एकच: परवानगी लागूच नये."

"खुले करता येते ते खुले करावेच," ती म्हणाली. "पण वर्गात बसलेल्या मुलांचे चेहरे आणि त्यांचे बावळट प्रश्न त्या चित्रफितीत असतात. इथे १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा आहे. शल्यक्रियेची चित्रफीत असेल तर त्यात रोगी असतो. आणि मास्तरांनी दुसऱ्याच्या चित्रपटातला तुकडा दाखवला असेल तर २००२ चा कायदा म्हणतो, तुम्हाला तो जाळ्यावरून दाखवण्याची मुभा आहे, मात्र त्या अभ्यासक्रमाला नाव घातलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच, आणि ती मर्यादा यंत्राने पाळली जाईल अशी तजवीज करा. ही तजवीज कशी करणार? दुसऱ्या विद्यापीठाच्या मुलाला तुमच्या वहीत चढवायचे, की त्याच्या विद्यापीठाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

याचे उत्तर म्हणून इंटरनेट-२ ने २००० साली जे काम हाती घेतले त्याचे नाव शिबोलेथ. ते नाव ऐकताच मी सरसावून बसलो, कारण जुन्या करारातील ती कथा मला ठाऊक होती. 'शास्ते' या पुस्तकात ती आहे. यार्देनेच्या उतारांवर गिलादी लोकांनी पहारा बसवला, आणि पळून जाणाऱ्या प्रत्येक एफ्राइमी मनुष्याला ते 'शिबोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. त्याला 'श' म्हणता येत नसे, तो 'सिबोलेथ' म्हणे, आणि त्या एका वर्णापायी बेचाळीस हजार माणसे कापली गेली असे तेथे लिहिले आहे. आपल्याकडे एखाद्याला 'ळ' म्हणावयास लावून त्याचे गाव ओळखण्याची गंमत आपण करतो. सुदैवाने तिच्यापुढे आपण जात नाही, निदान सहसा जात नाही. विद्यापीठातील विद्वानांनी ज्ञानाच्या दाराला असे रक्ताळलेले नाव का द्यावे, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळलेले नाही.

"नाव विनोदाने दिले असेल," ती म्हणाली, "पण काम उलटे आहे. मुलगी चित्रफितीच्या दारी आली की दार तिला विचारते, तू कोणत्या विद्यापीठाची? ती सांगते, आणि तिला तिच्याच विद्यापीठाकडे धाडले जाते. परवलीचा शब्द ती तिथे देते, परक्या दारी नव्हे. मग तिचे विद्यापीठ त्या दाराला एवढेच कळवते की ही आमची विद्यार्थिनी आहे. नाव सांगायची गरज नाही. शिंप्याच्या दुकानाइतके नाही, पण जवळजवळ तितकेच अनामिक."

"त्या दाराला नाव कळत नाही हे खरे. पण तिच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या वहीत तर राहतेच की, अमुक मुलगी अमुक रात्री कोणकोणत्या दारी गेली."

ती क्षणभर गप्प झाली. "राहते."

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी तिच्या आईलाही पूर्वी सांगितलेली नाही. एके वर्षी आमच्या आवारात विद्यार्थ्यांचा मोर्चा झाला, थोडी दगडफेक झाली, आणि त्यात कोण सामील होते याचा तपास लागेना. वसतिगृहातल्या काही मुलांनी त्या दुपारी आपण ग्रंथालयात होतो असे सांगितले. वाचनकक्षाच्या दाराशी एक नोंदवही असे. पुस्तके हरवू नयेत एवढ्याच उद्देशाने तीत येणाऱ्या-जाणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहिली जाई. ती वही मागवण्यात आली, ज्यांची नावे तीत सापडली नाहीत त्यांना बोलावण्यात आले, आणि त्यांतील दोघांचे एक वर्ष बुडाले. ते मोर्च्यात होते की नदीकाठी विड्या ओढीत बसले होते हे कोणालाच कधी कळले नाही. ग्रंथालयाकडून वही मागवण्याच्या पत्रावर सही माझी होती. पुस्तकांसाठी ठेवलेली वही माणसांवर चालवता येते हे मला त्या दिवशी कळले. आणि म्हणून, कोणी कितीही सद्हेतूने नवी वही बांधावयास निघाला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

"पण मामा, ती वही मागायला आलेल्या माणसाला निदान तुमच्या टेबलासमोर उभे राहावे लागले," ती हळूच म्हणाली. "पत्र लिहावे लागले. तुम्ही नाही म्हणू शकला असतात."

"मी नाही म्हणालो नाही."

यावर तिनेही काही उत्तर केले नाही, आणि मलाही काही अपेक्षित नव्हते. तिने आत जाऊन चहा आणला.

चहा घेता घेता तिने चित्रफितींच्या सूचीविषयी थोडे सांगितले. १९९५ साली ओहायोतील डब्लिन गावी भरलेल्या बैठकीतून डब्लिन कोअर नावाचा पंधरा रकान्यांचा एक नमुना पुढे आकाराला आला, शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक असा. तो व्हिडिओला कसा लावायचा याचे नियम तिच्या मंडळींनी बसवले. ग्रंथपालांची तालिकापत्रे ज्याने पाहिली आहेत त्याला यात नवीन काही नाही. नवीन अडचण एकच, की पुस्तकाला पृष्ठांक असतात आणि पन्नास मिनिटांच्या व्याख्यानातली हवी ती तीन मिनिटे शोधण्यासाठी चित्रफितीला तसले काहीच नसते.

"मग या सगळ्याचे शेवटी झाले काय?" मी बाडावर हात ठेवून विचारले.

"एच.३५० चे? मोठ्या सभागृहांतल्या काही यंत्रांच्या सेटिंगमध्ये एखाद्या पानावर अजून त्याचे नाव सापडते. कोणी ते पान उघडत नाही. २०२० च्या मार्चमध्ये जगातली विद्यापीठे एका आठवड्यात झूमवर गेली. आम्ही वर्षे घालवली ती अशासाठी, की माणूस निर्देशिकेत शोधावा, नावावर बोट ठेवावे आणि पलीकडे घंटा वाजावी. आता कोणी कोणाला शोधतच नाही. लिंक पाठवतात. लिंक ज्याच्या हाती तो आत." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता असे मी म्हणणार नाही. "पण शिबोलेथ ज्या सॅमल नावाच्या भाषेत बोलते ती भाषा टिकली. आमचा विद्यार्थी झूममध्ये शिरतो तो विद्यापीठाचाच पासवर्ड देऊन, आणि झूम गुमान आमच्या कचेरीला विचारते, हा तुमचाच ना?"

हे मला नवे नव्हते, मात्र त्याचे नाव नवे होते. माझी नात इकडे महाराष्ट्रात एका महाविद्यालयात आहे, आणि ती घरबसल्या परदेशी नियतकालिके वाचते ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या इन्फेड या व्यवस्थेतून, महाविद्यालयाचाच परवलीचा शब्द देऊन. तीही व्यवस्था शिबोलेथवरच उभी आहे, असे भाचीने सांगितले. म्हणजे दूरदृश्य यंत्रांसाठी बांधलेली वही गेली, आणि तिच्या शेजारी बांधलेले देवडीचे दार मात्र समुद्र ओलांडून आमच्या घरापर्यंत आले. मला यात तिचा जय दिसला, तिला पराजय दिसत होता. किंवा कदाचित उलटही असेल, कारण दार टिकले म्हणून माझा खड्डा भरून आला नाही, आणि वही गेली म्हणून तिने ते बाड शेवटी रद्दीतही घातले नाही.

संध्याकाळी, म्हणजे पुण्याच्या पहाटे, माझ्या बहिणीशी पडद्यावर बोलण्याचा रोजचा नेम होता. भाचीने आपला संगणक माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. माझ्या चेहऱ्याखाली तिचे नाव दिसत होते. बहीण म्हणाली, "अगंबाई, हिच्या नावाने दादा कसा बसलाय?" तेव्हा ते नाव बदलता येते का असे मी ओरडून विचारले, आणि भाचीने आतूनच सांगितले की नावावर दोनदा टिचकी मारा आणि हवे ते लिहा.

मी तसे केले. चौकोन उघडला. माझी बोटे थोडा वेळ थांबली. मग मी त्यात 'कुलगुरू' असे लिहिले आणि मान्यतेची कळ दाबली. यंत्राने नियुक्तीचा आदेश मागितला नाही, कुलपतींची सही मागितली नाही, साधी शंकाही घेतली नाही. ते पद निमूटपणे माझ्या चेहऱ्याखाली झळकू लागले.

"हे केव्हा झालं रे?" बहिणीने विचारले.

भाची पदराला हात पुसत बाहेर आली, तिने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता पोळ्या लाटायला परत गेली.